कोरीटच्या गोठ्यातल्या सायकली

नंदुरबारजवळच्या कोरीट गावातल्या शीलाला बिघडलेली वस्तू नुसती पडून राहिलेली पाहवत नसे. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिने सासरचं गंजलेलं शिवणयंत्र उघडलं, पुसलं, तेल घातलं आणि चालू करून दाखवलं. पुढे फवारणीचा पंप झाला, ठिबकच्या नळ्या झाल्या, शेजारणीचा मिक्सर झाला. तिचा नवरा भूपेश अबोल शेतकरी. बायकोने काही उघडलं की तो कंदील धरल्यासारखी बॅटरी धरून शेजारी उभा राही. सासू कौसाबाई मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "हिना हातले चैन नही."

चाळिशी उलटेपर्यंत हे असंच चाललं. मग सायकलींचं प्रकरण सुरू झालं.

गावातल्या आठवीपासूनच्या मुलींना सरकारी योजनेतून सायकली मिळत. शाळा पाच किलोमीटरवर. पहिले चार महिने मुली टोळीने निघत, घंट्या वाजवत. मग हळूहळू सायकलींना घरचं काम लागे. भाऊ चाऱ्याचे भारे बांधे, बाप खताची गोणी लादे. कॅरिअर वाकलं, रिम वाकडी झाली, काट्याने टायर गेलं की सायकल भिंतीला टेके ती टेकलेलीच राही. दुरुस्ती करायची तर नंदुरबारला न्यायची, आणि पोरीच्या सायकलीसाठी कामाचा दिवस मोडायला कोणाला सवड नव्हती. उन्हाने टायरला भेगा पडत, शेळ्या सीट कुरतडत.

एका श्रावणात शेतावरून परत येताना शीलाने सहज मोजल्या, तर वाटेवरच्या घरांना टेकलेल्या अकरा सायकली निघाल्या. तेवढ्यात शाळा सुटलेल्या पाच मुली पायी येताना दिसल्या. त्यात हिलालची स्वप्नाली होती, नववीतली. हिलाल म्हणजे भूपेशचा भाऊबंद, दोन घरं सोडून राहणारा. शीलाने विचारलं तेव्हा स्वप्नाली म्हणाली की सायकल तीन आठवडे पंक्चर आहे, आणि उशीर होतो म्हणून पहिला तास रोज बुडतो.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. शीलाने स्वप्नालीची सायकल बाजाराला जाणाऱ्या रिक्षाच्या मागे बांधली आणि नंदुरबारला कय्युमभाईच्या दुकानात नेली. कय्युमभाई साठीचा, तीस वर्षं एकाच कडुनिंबाखाली बसलेला कारागीर. त्याने ट्यूब ओढून काढली, पाण्यात धरली, बुडबुडा सापडला तिथे घासून सोल्युशन लावलं, ठिगळ चिकटवलं. सगळं दहा मिनिटांत. शीला पूर्ण वेळ वाकून बघत होती. मग तिने सरळ विचारलं, मला शिकवाल का?

कय्युमभाईने तिच्या इस्त्रीच्या साडीकडे पाहिलं. "ताई, हात काळे व्हतीन."

"मिरचीवर लाल व्हतस," दरसाल मिरची खुडणारी शीला म्हणाली, "आठे काळा व्हतीन."

तो हसला आणि त्याने तिच्याकडे पान्हा सरकवला.

तेव्हापासून दर बाजाराला ती भाजी घेण्याआधी दोन तास त्या कडुनिंबाखाली बसू लागली. चेन कशी काढायची, चाकाच्या मधल्या हबमधले छर्रे, म्हणजे बारीक लोखंडी गोळ्या, कसे धुवायचे, ग्रीस किती भरायचं हे शिकली. रिम डावी-उजवीकडे डुलत असेल तर त्याला 'आऊट' म्हणतात, आणि तो एकेक स्पोक अर्धा फेरा आवळत काढायचा असतो, हे शिकायला तिला चार बाजार लागले. कय्युमभाईची बायको आयशा दुपारी डबा घेऊन येई. सुरुवातीला ती लांबून बघे, मग डब्यात एक भाकरी जास्त येऊ लागली.

दिवाळीनंतर शीलाने गोठा मागितला.

ट्रॅक्टर आल्यापासून बैल नव्हते, गाय शेजारच्या पत्र्याखाली होती, गोठ्यात फक्त मोडकी अवजारं नि उंदीर. भूपेश म्हणाला, घे. कौसाबाई ओट्यावरून म्हणाल्या, "बैल गयात, आते सायकली बांधी ऱ्हायनी." पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतः झाडू घेऊन एक कोपरा साफ केला. त्यात त्यांना त्यांची हरवलेली खुरपी सापडली, त्यामुळे त्या कामावर खूश झाल्या.

शीलाने गोठा तसाच ठेवला, फक्त त्याचं काम बदललं. सिमेंटची गव्हाण घासून तिच्या अर्ध्या भागात पाणी भरलं, तिथे पंक्चर शोधायचं. उरलेल्या अर्ध्यावर फळी टाकली, ते कामाचं टेबल. वरच्या सागाच्या वाशांना भूपेशने लोखंडी आकडे ठोकून दिले आणि शीलाने त्यांना जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या, म्हणजे रिम खरचटायला नको. पुढचं चाक आकड्यात अडकवलं की सायकल भिंतीलगत उभी लटके. जिथे आठ सायकली जेमतेम मावल्या असत्या तिथे वीस मावू लागल्या. भिंतीला चुना दिला आणि त्यावर प्रत्येक पान्ह्याच्या आकाराची रेघ गेरूने काढली. एखादा पान्हा जागेवर नसला की रिकामी लाल रेघ लांबूनही दिसे.

पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून हबचे छर्रे जमिनीवर सांडले आणि शेणाने सारवलेल्या भुईत, भुशात गायब झाले. तिने सगळी धूळ गोळा करून पिठाच्या चाळणीने चाळली, आणि उरलेले दोन छर्रे जुन्या रेडिओच्या चुंबकाने उचलले. मग कामाच्या जागेपुरती शहाबादी फरशी बसवून घेतली. कौसाबाईंनी चाळणी बदलून मागितली, तीही आणली.

मुली सायकली घेऊन येऊ लागल्या. आधी स्वप्नाली, मग तिच्या वर्गातल्या चौघी, मग सगळ्याच. शीलाने एक पद्धत घालून दिली. संध्याकाळी सायकल गोठ्यात ठेवायची, सकाळी शाळेला जाताना न्यायची. ऊन, पाऊस, शेळ्या यांपासून ती वाचेल आणि कुठे काही ढिलं झालं तर तिथल्या तिथे आवळता येईल. दुसरी गोष्ट तिने कोणाला मोठ्याने सांगितली नाही, पण ती मुलींना लगेच उमगली. गोठ्यात असलेल्या सायकलीवर चाऱ्याचा भारा चढत नाही.

ते सगळ्यात आधी हिलालच्या लक्षात आलं. कापसाच्या दिवसांत एका रविवारी तो खताची गोणी न्यायला सायकल मागायला आला. शीला म्हणाली, स्वप्नालीला पाठवा, तिच्या हातात देते. हिलालला ते लागलं.

"वहिनी, मन्ही पोरनी सायकल शे, म्हणजे मन्हीच व्हयनी ना?"

"कागदवर नाव तिन्हं शे, हिलालभाऊ," शीला म्हणाली. "ती सांगी तर लई जा."

हिलाल घरी गेला. पोरीला सांगायला लावणं त्याला अवघड नव्हतं, पण तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशी पारावर मात्र म्हणाला की भूपेशच्या बायकोने गावाच्या सायकली कोंडून ठेवल्यात, आणि बाईमाणसाने दुरुस्त केलेली सायकल किती दिवस चालते ते बघूच. शीलाच्या कानावर ते आलं. ती म्हणाली, बघू द्या की. तिला खरंच काळजी वाटली नाही. स्वतःच्या कामावर तिचा तेवढा भरवसा होता.

त्या भरवशाला पंधरा दिवसांत तडा गेला.

शाळेच्या वाटेवर नाल्याची फरशी, म्हणजे ठेंगणा पूल आहे, तिच्याकडे रस्ता एकदम उतरतो. एका सकाळी त्या उतारावर स्वप्नालीने ब्रेक दाबले, पण सायकल थांबलीच नाही. सायकल फरशीच्या कठड्यावर आदळली. मुलीचं डावं मनगट मोडलं. नंदुरबारच्या दवाखान्यात प्लास्टर झालं, जिवावरचं हातावर निभावलं. पण गावात दुपारपर्यंत एकच बोलणं झालं की शीलाने परवाच त्या सायकलीचे ब्रेक बदलले होते.

ते खरं होतं. दवाखान्यात स्वप्नालीला भेटून आल्यावर शीलाने सायकल गोठ्यात घेतली, दार ओढलं आणि खाली बसली. मागचा ब्रेक ठीक होता, पण एकटा त्या उताराला पुरणारा नव्हता. पुढच्या ब्रेकचं रबर ज्या पत्र्याच्या खोबणीत बसतं ती खोबण रिकामी होती. रबर उडून गेलं होतं. तिने ती खोबण उलटसुलट करून पाहिली, मग मागच्या ब्रेकच्या खोबणीशी ताडली, तेव्हा तिला कळलं. खोबणीचं एक टोक बंद असतं, एक उघडं. बंद टोक पुढे हवं, म्हणजे चाक फिरताना रबर त्याला अडून राहतं. तिने ते उलटं बसवलं होतं. ब्रेक दाबला की चाकाने रबर उघड्या टोकातून बाहेर ढकललं होतं, इतकं साधं.

भूपेश दार लोटून आत आला. त्याने विचारलं, काय सापडलं? तिने सांगितलं. तो म्हणाला की हे फक्त तुला आणि मला माहीत आहे. शीलाने खोबण रुमालात गुंडाळली आणि उठली.

हिलाल तोवर पोरीला घेऊन घरी आला होता, आणि त्याच्या अंगणात सातआठ माणसं बसलेली होती. शीला मधोमध जाऊन उभी राहिली. तिने रुमाल सोडला, खोबण हिलालच्या हातात दिली आणि कोणतं टोक कुठे हवं होतं ते बोट ठेवून दाखवलं.

"रबर मी उलटं बसाडं," ती म्हणाली. "चूक मन्ही शे, पोरनी नही."

हिलालने ती वस्तू बराच वेळ हातात फिरवली. त्याने मनात पुष्कळ शब्द जमवून ठेवले होते, पण समोरचं माणूस नाकारतच नाही म्हटल्यावर ते बाहेर काढायला जागा उरली नाही. शेवटी त्याने एवढंच विचारलं, बाकीच्यांच्या सायकलींचं काय?

तोच प्रश्न शीलाच्या डोक्यात होता. गोठ्यातल्या सगळ्या सायकली तिने त्याच दुपारी खाली उतरवल्या. ज्या मुलींनी सायकली घरी ठेवल्या होत्या त्यांच्या घरी ती पान्हा घेऊन गेली. दारात उभी राहून काय झालं ते पहिल्यापासून सांगे, मग वाकून ब्रेक तपासे. अंधार पडायच्या आत अठ्ठावीस सायकली झाल्या. आणखी दोन रबरं उलटी निघाली. त्या दोन घरांत तिला ऐकून घ्यावं लागलं, तिने ऐकून घेतलं. पुढच्या बाजाराला कय्युमभाईलाही तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला की चूक तुझी, पण टोकाचं सांगायचं मीच विसरलो. तीस वर्षांत हात आपोआप बरोबर बसवतो, त्यामुळे तोंडाने सांगायचं राहून गेलं. एरवी चहा तिच्याकडून असे, त्या दिवशी त्याने स्वतः पाजला.

त्यानंतर शीलाने एक नेम केला. दुरुस्त झालेली सायकल आधी तिने स्वतः चालवायची, नाल्याच्या उतारावरून खाली, फरशीवर ब्रेक दाबून थांबायचं, आणि परत. अडचण एवढीच की तिने माहेर सुटल्यापासून सायकलीवर पाय ठेवला नव्हता. पहिल्या दिवशी तिने नऊवारी खोचल्यासारखी साडी मागे खोचली आणि भर सकाळी, सगळं गाव ओट्यावर असताना निघाली. पाराजवळ थोडी डगमगली, मग सरळ झाली. परत आली तेव्हा कौसाबाई दारात होत्या. त्यांनी सून धडधाकट आहे हे पाहिलं आणि म्हणाल्या की पदर नीट खोच, चेनमध्ये जाईल.

लोकांना हसायला दोन दिवस पुरले. तिसऱ्या दिवसापासून शीला उतारावरून जाताना दिसली की बायका एकमेकींना सांगत, कोणाची तरी सायकल झाली.

दीड महिन्याने प्लास्टर निघालं. स्वप्नालीची सायकल शीलाने केव्हाच सरळ करून ठेवली होती, पण ती स्वतःहून कोणाला सांगायला गेली नाही. एका सकाळी हिलालच मुलीला घेऊन आला. त्याने सायकल खाली उतरवली, बसून ब्रेकच्या खोबणीचं टोक पाहिलं, मग दुसऱ्या बाजूचंही. उठून त्याने सायकल मुलीच्या हातात दिली आणि शीलाला म्हणाला की संध्याकाळी ती इथेच ठेवेल. खताच्या गोण्यांसाठी त्याने त्या आठवड्यात हातगाडी आणली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कय्युमभाई आणि आयशा कोरीटला आले. गोठा तेव्हा वाशांपासून भुईपर्यंत भरलेला होता. कय्युमभाईने प्रत्येक चाक बोटाने फिरवून पाहिलं, गेरूच्या रेघा पाहिल्या आणि तक्रारीला जागा शोधत तो आकड्यांपाशी थांबला. म्हणाला, महिनोन्‌महिने लटकवलं तर चाक वाकतं. शीला म्हणाली, वाकत नाही, दिवाळीनंतर रोज रात्री लटकलेली ही बघा. त्याने ती खाली घेतली, फिरवली, डोळा बारीक करून पाहत राहिला. आऊट नव्हता. आयशा म्हणाली की घरी चला, तुमचं दुकानही असं लावून घेऊ, आणि त्याने सायकल परत आकड्याला लावली.

आता शीलाकडे आजूबाजूच्या तीन गावांतून सायकली येतात. गेल्या आठवड्यात शेजारच्या गावच्या फुलवंताबाई आल्या. लहानपणी पोलिओने त्यांचे पाय गेलेले, त्या हाताने फिरवायच्या तीनचाकीवरून फिरतात. तिची चेन घसरत होती आणि एक चाक कुईकुई करत होतं. कोणीतरी दोघांनी ढकलत आणली होती. त्यांनी विचारलं, हे तुला जमतं का?

शीलाने तीनचाकी याआधी कधी उघडली नव्हती, आणि ते तिने सांगितलं. मग फुलवंताबाईंना धरून खाटेवर बसवलं, कौसाबाईंना चहा टाकायला सांगितला, भिंतीवरून पंधरा नंबरचा पान्हा काढला आणि मागच्या चाकाचा पहिला नट सैल केला.