तळाला नायलॉनचा दोरा

प्रयोगशाळेत त्यांना सगळे गाळमामा म्हणत. तळ्याच्या तळातून नळीने उपसलेला गाळ थंड खोलीत जपणं हे त्यांचं काम. नळी उभी चिरली की आत थरावर थर दिसतात. जुना खाली, नवा वर. माणसाने पृथ्वीवर आपली छाप नेमकी कधीपासून सोडली, ते अशाच थरांवरून ठरायचं होतं. विद्वानांचं एकमत होत नव्हतं. कोणी म्हणे पहिल्या नांगरापासून, कोणी वाफेच्या इंजिनापासून, तर कोणी अणुबॉम्बच्या चाचण्यांपासून. मामींच्या मते यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्या घरी पसारा लग्नापासूनच होता.

मामींच्या माहेरी मामा हा विषय मोठ्या ऐटीत काढत. अडचण एकच, साडू. शिंपीकाम करणाऱ्या या गृहस्थांना गिऱ्हाइकाच्या मापापेक्षा त्याची फजिती जास्त लक्षात राहायची. चिखल सांभाळायचा पगार मिळतो, यावर ते वर्षानुवर्षं हसत होते. म्हणून त्या विद्वानांची समिती नळी बघायला येणार त्याच्या आदल्या दुपारी मामांनी त्यांना मुद्दाम बोलावलं. एकदाचं तोंड बंद करायचं होतं.

नळी टेबलावर पुसूनबिसून मांडलेली, वर दिवा. मामांनी पट्टी टेकवली.

"हे खालचं टोक. इथे माणसाचा मागमूस नाही. नुसता निसर्ग."

साडूंनी वाकून चष्मा सावरला.

"मग त्या निसर्गाला नायलॉनचा दोरा कुठून मिळाला हो?"

दोरा होता. कारखान्यांच्या काजळीचा पट्टाही तिथेच. पुसण्याच्या उत्साहात मामांनी दोन्ही टोकांची टोपणं काढली होती आणि वरचं लाल टोपण खाली लावलं होतं. उद्या समितीपुढे माणूस आधी आला असता, निसर्ग मागून.

मामांनी टोपणं बदलली, नळी फिरवली. साडूंनी हातभार लावला, पण चकार शब्द काढला नाही. मामांना तेच झोंबलं. हा माणूस गप्प बसतो म्हणजे ऐवज जेवणासाठी राखून ठेवतोय.

रात्री मामांच्या घरी पानं वाढली. साडूंनी घसा खाकरला. "आज काय गंमत झाली..."

"मी नळी उलटी मांडली," मामा म्हणाले, आणि टोपणांपासून दोऱ्यापर्यंत सगळं सांगून टाकलं, साडूंच्या वाकण्याच्या नकलेसकट. मेहुणीला ठसका लागला. मामी पदराने डोळे पुसत राहिल्या.

साडू तेवढे घास हातात धरून बसले होते. दुपारभर बेतलेला कपडा दुसराच कोणी घालून मिरवत होता.

"जेवा की, साडूबुवा," मामा म्हणाले.