गरम ते झाकू नये

जगातली निम्मी संकटं झाकणामुळे येतात असं मानणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या सख्ख्या आत्याचा नवरा होता. आमचे आतोबा निपाणीकडच्या एका गावात नगरपालिकेच्या सोनखताच्या शेडवर मुकादम होते. इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. गावातला मैला गाड्यांतून गावाबाहेर यायचा, राखेत कालवून उन्हात वाळायचा, आणि ते खत न्यायला ऊसवाले नि तंबाखूवाले भांडायचे. पावसाळ्यात ऊन कुठलं? म्हणून आतोबांनी संकेश्वरच्या एका गुऱ्हाळातून दोन जुन्या काहिली आणवल्या आणि भट्टीवर माल वाळवायला सुरुवात केली. या काहिलींत पूर्वी गूळ शिजायचा, हे ते घरी आलेल्या पाहुण्यांना आवर्जून सांगत. पाहुणे मग चहा नको म्हणत.

वाळलेलं सोनखत पेटतं, हा धडा त्यांना पहिल्याच पावसाळ्यात मिळाला. कुणीतरी टोपली आपटली, धूळ भट्टीवर गेली, भपकन जाळ झाला आणि आतोबांची डावी मिशी गेली. उजवी त्यांनी मुद्दाम ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. तेव्हापासून शेडात फावडं मारायचं ते बाळंतिणीला कूस बदलून द्यावी तसं. बिडीची तर बातच नको. ज्या मुलुखात पोरगं रांगायच्या आधी तंबाखू ओळखतं, तिथे हा गृहस्थ नगरपालिकेच्या चेअरमनच्या कानावरची बिडीसुद्धा काढून घेई. काहिलीतला माल आधी जमिनीवर पातळ पसरायचा, पार गार झाला की मगच ढीग लावायचा. ढिगाच्या पोटात ते लोखंडी पहार खुपसत, ओढून तळहाताला लावत आणि म्हणत, "वरनं गार दिसतंय रं, पोटात इस्तू असतुया."

ही पहार त्यांच्याबरोबर घरीही येई. जोंधळ्याची रास, कडब्याची गंजी, गुंडाळलेल्या गाद्या, सगळ्यांची पोटं तपासली जात. पुतणीच्या लग्नात बुंदीच्या ढिगात पहार घातली तेव्हा व्याही जेवणावरून उठले होते. आत्याशी रोजचं भांडण भाकरीवरून. ती गरम भाकऱ्या फडक्यात गुंडाळून बुट्टीत ठेवी, आतोबा ते फडकं काढून टाकत. "गरम झाकायचं न्हाय!" आणि मग सगळ्यांनी वातड भाकरी चावायची. वर बढाई ठरलेली, "मिशी गेल्यापास्नं माझ्या ढिगातनं धूर निघाल्याला न्हाय." ही बढाई अगदीच पोकळ नव्हती. शेडाच्या भिंतीला लागूनच मैल्याच्या गाड्या हाकणाऱ्या गाडीवाल्यांची घरं होती, ढीग पेटला असता तर आधी तीच गेली असती.

एका श्रावणात मी त्यांच्याकडे गेलो होतो. दुपारी आतोबा कचेरीत गेलेले, आत्या त्यांचा डबा घेऊन शेडावर गेली. तेवढ्यात वाऱ्याबरोबर पावसाची सर आत घुसू लागली, आणि पसरलेला गरम माल भिजायची वेळ आली. आत्या तंबाखूवाल्यांच्या घरातली लेक. तिच्या माहेरी तंबाखू रचून, वर गोणपाटं दाबून, त्या तंबाखूला आतल्या आत उबवून घाम फोडत. नवऱ्याचा माल वाचवायचा म्हणून तिनं गड्यांकडून सगळा ढीग करवून घेतला, पायांनी दाबला आणि गोणपाटांनी छान झाकला. गडी चुळबुळले, पण मुकादमाच्या बायकोला नाही कोण म्हणणार? आतोबा कचेरीतून परस्पर घरी आले. आत्या मनातल्या मनात खूश होती.

सकाळी यल्लाप्पा गाडीवाला धावत आला. "आण्णा, ढिगातनं धूर यायलाय! भिंत तापलीया!"

आतोबा अनवाणी धावले, मागून आम्ही दोघं. एका गड्यानं ढीग उधळायला फावडं उचललं होतं. "उधळू नगंस! धूळ उडाली की भडका हुईल! आदी घरं रिकामी करा!" आतोबा ओरडले. यल्लाप्पाच्या म्हाताऱ्या आईला बाजेसकट बाहेर आणलं, मग झारीनं पाणी शिंपत, ओली पोती टाकत, थराथरानं ढीग सोलला. सवयीनं आतोबांनी पहार तळहाताला लावली आणि कातडी तिलाच चिकटली. दुपारपर्यंत विस्तव विझला, बाकी कुणाला काही झालं नाही.

मग त्यांचं लक्ष बाजूला पडलेल्या गोणपाटांकडे गेलं. कडा आत दुमडून बाभळीच्या काट्यांनी टाचलेल्या. सासुरवाडीच्या वखारीत त्यांनी हे काम वर्षानुवर्षं पाहिलं होतं. त्यांनी काटे उपसून खिशात टाकले. चेअरमन आले नि गरजले, "झाकलं कुणी?" गडी जमिनीकडे पाहू लागले. आत्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात आतोबा म्हणाले, "म्या. पावसाला भ्यालो."

या माणसाला मी आयुष्यभर हसलो, पण त्या दिवशी मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

शेडावरची मुकादमी गेली. आतोबांना जकात नाक्यावर बसवलं. तिथे ते गुळाच्या गाड्यांत पहार खुपसत बसले, आणि धुराची बढाई पुन्हा कधी त्यांच्या तोंडून आली नाही.

ढीग विझला त्या रात्री आत्यानं भाकऱ्या ताटात सुट्या सुट्या मांडल्या. डोळे सुजलेले. बुट्टी नाही, फडकं नाही. आतोबांनी पट्टी बांधलेल्या हातानं फडकं तिच्याकडे सरकवलं. "झाक गं. भाकरी झाकायचीच असतीया."

आतोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागे गेलो तेव्हा आत्या चुलीपुढे होती, आणि पहार दाराआड उभी होती. मी त्या ढिगाचा विषय काढला नव्हता, तीच म्हणाली, "त्यास्नी ठावं हुतं. मलाबी ठावं हुतं, त्यास्नी ठावं हाय म्हणून. बोललो न्हाय कदी."

मग तिनं भाकऱ्या बुट्टीत ठेवून वर फडकं टाकलं, आणि त्याचं एक टोक उघडं ठेवलं.