हार्लनच्या रुमालातली वस्तू

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी हार्लन प्रुइट आर्डिस टॉलिव्हरच्या फाटकाशी उभा राहिला. त्यानं डोक्यावरची हॅट उतरवली, खिशातून पांढरा रुमाल काढला आणि रुमालात बांधलेली काहीतरी लहानशी वस्तू तिच्या हातात ठेवली. आर्डिसनं ती छातीशी धरली आणि तोंडावर हात ठेवला. एवढं सगळं टपाल वाटणाऱ्या जोलीननं चालत्या गाडीतून पाहिलं. गाडी तिनं किती हळू केली होती, ते तिचं तिलाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी वांडाच्या कॅफेत पहिली कॉफी ओतायच्या आत सगळ्या ड्राय फोर्क गावाला कळलं होतं, की सत्तरी ओलांडल्यावर का होईना, हार्लननं अखेर अंगठी दिली.

अंगठी नव्हती. पण काय होतं ते आर्डिस सांगेना, हार्लन सांगेना, आणि लोक काही वाट बघत बसत नाहीत. कॅफेत तर लग्नाच्या केकवर कुठली फुलं काढायची इथपर्यंत गोष्ट गेली.

आर्डिसला पिपाणीवरून सगळा मुलूख ओळखायचा. कायोटीला, म्हणजे तिकडच्या लांडग्यासारख्या रानकुत्र्याला, बोलवायची पिपाणी. बापानं गाईच्या शिंगाची करून दिलेली, आत जुन्या कंगव्याची पातळ पट्टी बसवलेली. ती वरच्या खालच्या दातांत धरायची, पट्टीवर दात पुढेमागे सरकवायचे आणि फुंकायचं. वर्षानुवर्षं धरून धरून शिंगाला तिच्या दातांच्या खाचा पडल्या होत्या. हिवाळ्यात ती सेजच्या झुडपाला पाठ लावून बर्फात बसे आणि मरत्या सशाचा टाहो फोडी. शिकारी बाप्ये कान खाजवत दुसरीकडे बघत. एकदा एक घुबड मागून येऊन तिची लोकरी टोपी घेऊन गेलं. आर्डिस हलली नाही, बोडक्या डोक्यानं फुंकत राहिली, आणि कायोटी आलाच.

बंदूक मात्र तिनं कधी हातात धरली नाही. फुंकणाऱ्यानं फुंकावं, मारणाऱ्यानं मारावं, दोन्ही करायला गेलं की दोन्ही बिघडतं, असं तिचं म्हणणं. नवरा क्लाइड होता तोवर रायफल त्याची. तो गेल्यावर शेजारच्या रानाचा हार्लन येऊ लागला. तोही एकटाच. म्हणजे अंगठीची तयारी लोकांनी फार आधीपासून करून ठेवली होती.

त्या मार्चमध्ये आर्डिसचे दात गेले. राहिले होते तेवढे सगळे शहरातल्या डॉक्टरनं काढले आणि वरखाली कवळी बसवून दिली. कवळी सुरेख होती. वांडा म्हणाली, "अगं, तू तर आता टीव्हीवर बातम्या सांगायला बस!" आर्डिस घरी आली, गोठ्यात गेली, पिपाणी तोंडात धरली आणि फुंकली. वरची कवळी एकीकडे सरकली, खालची दुसरीकडे, आणि बादलीखाली अडकलेल्या कोंबडीसारखा आवाज आला. गोठ्यातलं मांजर उठून बाहेर गेलं. तिनं पुन्हा फुंकली, रोज फुंकत राहिली. कोंबडीच.

हे हसण्यावारी गेलं असतं. पण एप्रिल संपता संपता मेंढ्या व्यायला लागल्या आणि बांड्या कामाला लागला.

बांड्या हा एक दांडगा कायोटी. त्याची शेपटी अर्धी उडवली होती आर्डिसच्या पुतण्यानं, ट्रॉयनं. ट्रॉयजवळ आवाज काढायचं यंत्र होतं, बटण दाबलं की ससा, दुसरं दाबलं की हरणाचं पाडस. यंत्र चांगलं होतं, त्यावर त्यानं हिवाळ्यात पुष्कळ कायोटी टिपले. जानेवारीत बांड्याही आला. ट्रॉयला शिंक आली, गोळी शेपटीला लागली. तेव्हापासून यंत्राचा पहिला सूर निघाला की बांड्या उलट्या दिशेनं चालू लागे, धावतही नसे. ओळखीच्या माणसाला टाळावं तसा.

आता पिल्लं झाली होती त्याला. बीळ लाल मातीच्या घळींत कुठेतरी होतं, शोधून सापडत नव्हतं. सकाळ झाली की आर्डिस कळपातून फिरे, आणि कुठेतरी एक मेंढी भुईवर नाक लावून उभी दिसे. शेजारी कोकरू, गळ्याशी दातांच्या खुणा. ट्रॉय आपलं यंत्र घेऊन येई आणि तसाच परत जाई.

"काकू, असंच चाललं तर हिवाळ्याआधी मेंढ्या विकाव्या लागतील," तो एके दिवशी स्वयंपाकघरात म्हणाला. "कळप असा संपू देण्यापेक्षा विकलेला बरा."

"मग मी काय करू दिवसभर? वांडाकडे बसून तुझ्या बायकोच्या गोष्टी ऐकू?"

"माझ्या बायकोच्या कसल्या गोष्टी?"

"तेच तर. ऐकल्याशिवाय कसं कळणार?"

ट्रॉय हसला, पण त्याचं बरोबर होतं हे तिला कळत होतं. तो गेला तशी तिनं कवळी काढून बशीत ठेवली. हिरड्या दुखत होत्या. पिपाणी टेबलावरच होती. काही मनात न आणता तिनं ती नुसत्या हिरड्यांत धरली आणि श्वास सोडला.

बारीक आवाज निघाला. कोंबडीचा नाही, सशाचा नाही. ओलसर, थरथरता, मधेच तुटणारा. पाय असलेल्या लोखंडी चुलीपाशी म्हातारी टिली झोपली होती, आर्डिसची कुत्री. बहिरी झाली असं सगळे म्हणत. टिली उठली. तिनं चुलीखाली बघितलं, लाकडाच्या पेटीत बघितलं, दाराशी जाऊन परत आली, कण्हत कण्हत पुन्हा चुलीखाली नाक घातलं. तिला पिल्लं होऊन किती काळ लोटला होता! आर्डिसनं पिपाणी खाली ठेवली आणि टिलीचं डोकं मांडीवर घेतलं.

हा आवाज ट्रॉयच्या यंत्रात नव्हता. जगात कुणाच्याच यंत्रात नव्हता. बांड्यानं तो ऐकला होता फक्त आपल्या बिळात.

पण रायफल हवी, म्हणजे हार्लन हवा. आणि हार्लननं तिला दातांशिवाय बघायचं, ही कल्पनाच तिला सोसवेना. डॉक्टरकडून आली त्या दिवसापासून तिनं कवळीशिवाय टिलीखेरीज कुणाला तोंड दाखवलं नव्हतं. दोन दिवस ती तशीच राहिली. तिसऱ्या सकाळी पुन्हा एक कोकरू गेलं, तेव्हा तिनं फोन उचलला.

"हार्लन, उद्या उजाडायच्या आत ये. आणि एक सांगते. माझ्याकडे बघायचं नाही."

"कधीपासून?"

"उद्यापासून. डोंगराकडे बघायचं, घळीकडे बघायचं. माझ्या तोंडाकडे नाही."

"आर्डिस, मी येतोय कायोटी बघायला. तुझं तोंड मी बघून ठेवलंय चाळीस वर्षं."

"ते जुनं होतं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पहाटे थंडी होती. घळींच्या समोरच्या टेकडीच्या कण्यावर ती दोघं चढली. वारा घळीकडून यांच्या तोंडावर येत होता, पण तिथला वारा फिरतो, हे दोघांनाही माहीत होतं. खाली उतारावर मेंढ्या, त्यांच्या पोटाशी कोकरं. हार्लन थोडा बाजूला, रायफल गुडघ्यावर टेकवून बसला. आर्डिस एका चपट्या दगडाशेजारी झुडपाला टेकली. तिनं पाठ वळवली, कवळी काढली, दगडावर ठेवली आणि वळून पुन्हा घळीकडे तोंड केलं. हार्लननं मान इकडेतिकडे केली नाही. सांगितलं तर ऐकतो, हा त्याचा गुण कुणी कधी बोलून दाखवला नव्हता.

तिनं फुंकलं.

आवाज फार लांब जाईल असा नव्हताच. पण त्या पहाटेत तो जसा पसरला, तसं तिनं तिच्या आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. मेडोलार्क पक्षी गात होते, ते एकेक करून थांबले. खाली मेंढ्यांनी माना वर केल्या. एक मेंढी ओरडली, मग दुसरी, आणि कोकरं धावत आपापल्या आईच्या खाली शिरली. पलीकडच्या टेकाडावर हरणांची एक मादी चरत होती. ती सरळ यांच्या दिशेनं चालत आली आणि कान टवकारून उभी राहिली. साऱ्या पठारावर जेवढ्या म्हणून आया होत्या, तेवढ्या ऐकत होत्या. हे आपण करतोय असं आर्डिसला वाटेना. तिच्या तोंडातून कुणी दुसरंच रडत होतं.

मग मादी आली. बांड्याची. कायोटी कधी सरळ येत नाही. तो लपत येतो, वळसा घालतो, वाऱ्यावर वास घेतो. ही घळीतून निघाली ती बाणासारखी, दुधानं भरलेली आचळं हेलकावत. आर्डिससमोर इतकी जवळ थांबली की तिच्या श्वासाची वाफ दिसत होती. पिवळे डोळे. तिनं आर्डिसच्या तोंडाकडे बघितलं. आर्डिस थांबली नाही. थांबली तर सगळं फुकट. मादी पळाली नाही. तिनं नाक खाली घातलं, झुडपाला वळसा घालून मागे गेली, दगडाखाली हुंगलं. टिलीनं चुलीखाली हुंगलं होतं तस्संच.

हार्लनची गोळी सुटेना. त्याला तिच्यावर झाडायची नव्हतीच. कोकरांच्या गळ्यावरच्या खुणा मोठ्या नराच्या होत्या. शिवाय झुडूप, मादी आणि आर्डिस एका रेषेत होती.

आणि तेवढ्यात वारा फिरला. तिच्या मानेवरचे केस पुढे आले.

कण्याच्या टोकावर, वारा आता जिकडे वाहत होता त्या अंगाला, बांड्या उभा होता. अर्धी शेपटी. त्याचं नाक वर गेलं. आर्डिसनं ते बघितलं. त्याला तिचा वास लागला, हार्लनचा लागला, रायफलच्या तेलाचा लागला. त्याला कळलं. कायोटीला कळतं तेव्हा दिसतं, अंग आखडतं, मागचे पाय आधी वळतात. बांड्याचे पाय वळले. आता एक उडी, आणि तो या उन्हाळ्यात पुन्हा दिसणार नव्हता. तिचा श्वास संपत आला होता. उरला होता तेवढ्यावर ती फुंकत राहिली.

बांड्या परत वळला आणि आला. लपत नाही, दबकत नाही. माणसं आहेत, बंदूक आहे हे पुरतं जाणून, कान मागे पाडून, त्या आवाजाकडे चालत आला.

हार्लननं गोळी झाडली.

मादी कुठल्या क्षणी गेली ते कळलं नाही. हरीण गेलं. मेंढ्या दडदडत उताराला लागल्या आणि थोड्या वेळानं थांबल्या. मग काही नाही, नुसता वारा. आर्डिसच्या तोंडात पिपाणी तशीच होती.

हार्लन आला, तिच्या शेजारी भुईवर बसला आणि हॅट काढून मांडीवर ठेवली.

"त्याला वास लागला होता, आर्डिस."

"बघितलं मी." दातांशिवाय तिचे शब्द फुसफुसत निघाले. तोंडावर हात ठेवायचं तिच्या ध्यानातच नव्हतं. तिनं सरळ त्याच्याकडे बघितलं, आणि त्यानं तिच्याकडे.

"लागला होता तरी आला."

"हो."

"मी इतकी वर्षं मारतोय. असं बघितलं नाही कधी."

"मीही नाही," ती म्हणाली. "आणि मीच बोलावत होते."

मग त्यांनी बांड्याला उचलून पिकअपमध्ये ठेवलं. त्याचं अंग त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ हलकं होतं. घरी येऊन तिनं कॉफी ठेवली, अंडी तळली, घरची बिस्किटं पावासारखी मऊ होती, तीही खाल्ली. हार्लन निघून गेल्यावर तिनं आरशात बघितलं आणि किंचाळली.

फोनवर हार्लन तिला म्हणाला, "मला वाटलं, तू मुद्दाम काढून ठेवलीस."

"कशासाठी मुद्दाम?"

"नाही म्हणजे… छान बोलत होतीस."

"हार्लन प्रुइट, माझी कवळी त्या दगडावर आहे आणि माझे गुडघे सुजलेत. जा!"

तो गेला. दुपार त्याची त्या कण्यावरचा दगड कुठला हे शोधण्यात गेली. एका वयानंतर सगळे दगड सारखे दिसतात. सूर्य कलला तेव्हा कवळी सापडली, ठेवली तशी, वरची खालची जोडीनं. दगडाभोवती बारीक धूळ होती आणि धुळीत पावलं होती. ताजी. मादी परत आली होती. तिनं दगडाला पुन्हा पुन्हा वेढे घातले होते, कवळीच्या अगदी कडेपर्यंत नाक आणलं होतं, आणि शिवली नव्हती. मग पावलं बिळाकडे गेली होती. हार्लन ती पावलं बघत गुडघ्यावर बसून राहिला. मग त्यानं खिशातून रुमाल काढला.

फाटकाशी त्यानं आर्डिसला हे सांगितलं. तिनं गाठोडं छातीशी धरलं आणि तोंडावर हात ठेवला, तो लाजून नाही. जोलीनला तेवढं दुरून कसं दिसणार?

दुसऱ्या सकाळी आर्डिस कळपातून फिरली. एकही मेंढी भुईला नाक लावून उभी नव्हती. त्याच्या दुसऱ्या सकाळीही नाही. ट्रॉय म्हणाला, "काकू, आता बीळ शोधून काढू या."

"कोकरं मरायची थांबली ना? मग बीळ कशाला?"

"मादी पिल्लांना शिकवेल."

"शिकवू दे. मी आहे अजून."

मादीनं पिल्लं ओढ्यापलीकडे नेली. जुलैत संध्याकाळी तिकडून हाका ऐकू येत, एक जाड आणि पुष्कळ बारीक, आणि त्या ऐकून टिली चुलीपाशी डोकं उचले. हिवाळा आला, मेंढ्या होत्या तिथेच राहिल्या. आर्डिस हिरड्यांनी ससाही फुंकायला शिकली. आवाज पूर्वीसारखा नव्हता, पण कायोटी येत. पुढच्या वसंतात एक नवा नर कळपाभोवती घोटाळू लागला, तेव्हा हार्लन म्हणाला, "तो दुसरा आवाज काढतेस का?"

"सशानं भागतंय तोवर सशानंच," ती म्हणाली. हार्लननं पुन्हा विचारलं नाही.

लग्नाचं लोक अजून विचारतात. वांडाची तर खात्री आहे, की ती अंगठी आर्डिस घरात घालते आणि बाहेर काढून ठेवते. हार्लनला विचारलं तर तो म्हणतो, ॲपल पाय घे, चांगला झालाय. पण ती दोघं शिकारीला निघाली की एक गोष्ट बघणाऱ्याला दिसते. आर्डिस बसायच्या आधी पाठ वळवत नाही. ती सरळ त्याच्यासमोर उभी राहते आणि हात पुढे करते. हार्लन काहीतरी रुमालात गुंडाळून शर्टाच्या डाव्या खिशात ठेवतो, खिशाचं बटण लावतो, वरून थोपटून बघतो, आणि मग रायफल उचलतो.