बाबांना दिसलेले ठिपके

मुंबईतली कंपनी बंद पडली तेव्हा बाबा एक्कावन्न वर्षांचे होते. सगळी नोकरी त्यांनी ड्रॉइंग बोर्डापाशी उभं राहून नकाशे काढण्यात घालवली होती. घरी बसायची वेळ आल्यावर ते क्लास लावून कॉम्प्युटरवर नकाशे काढायला शिकले आणि विरारमधल्याच एका आर्किटेक्टकडून कामं आणू लागले. चंदनसारला आमच्या आजूबाजूला नव्या इमारती भराभर उठत होत्या. कामाला तोटा नव्हता.

मी नुकतीच बारावीची परीक्षा दिली होती. बाबा प्रिंट घेऊन आर्किटेक्टकडे गेले की मी त्यांच्या कॉम्प्युटरवर गेम खेळायला बसायचो. गेम अडखळायचा, म्हणून एका मित्राने सीडीवर एक छोटा प्रोग्रॅम दिला. त्यातल्या दोन पट्ट्या उजवीकडे सरकवल्या की पडद्यावरचं चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळायचं. ओव्हरक्लॉकिंग. कार्ड किती तापतंय त्यावर लक्ष ठेवायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आठवडाभर गेम सुसाट चालला. मग मे महिन्यातल्या एका दुपारी पडद्यावर हिरवे-जांभळे ठिपके उमटले आणि सगळं गोठलं. मी पट्ट्या मूळ जागी आणल्या, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. चित्र स्वच्छ आलं. सुटलो, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा काम करत होते. अर्ध्या तासाने त्यांनी हाक मारली.

"ही ड्रेनेजची लाइन तुला तुटक दिसतेय का रे?"

तुटक दिसत होती. नकाशातल्या भिंतींवर ठिपकेही होते.

"नाही बाबा, सरळ आहे."

विचार करायच्या आधीच बोलून गेलो. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत लावला आणि पडद्याच्या अगदी जवळ गेले. मग कॉम्प्युटर बंद केला. बाबांना साखर होती. त्यांच्या थोरल्या भावाची दृष्टी साखरेनेच गेली होती.

ते बाहेर गेले की मी दुरुस्तीला लागायचो. कार्डाचा ड्रायव्हर प्रोग्रॅम काढून परत टाकला. कार्ड उपसून त्याच्या पिवळ्या पट्ट्या खोडरबराने घासल्या. कॅबिनेट उघडं ठेवून टेबलफॅन लावला, तर ठिपके तासाभराने आले. वेग मूळच्याहून खाली आणला, तरी आलेच. शेवटी मित्राचं कार्ड लावून पाहिलं. पडदा लख्ख. म्हणजे आमचं कार्डच भाजलं होतं.

कार्ड काढून टाकून मॉनिटरची वायर थेट मदरबोर्डवरच्या साध्या ग्राफिक्सला लावली असती, तरी बाबांचे नकाशे स्वच्छ दिसले असते. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण मग कार्डाचं काय झालं ते सांगावं लागलं असतं, आणि गेम गेला असता.

बाबा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. "डोळ्याचा पडदा ठीक आहे म्हणाले," त्यांनी आईला सांगितलं. "पण बसलो की अर्ध्या तासात ठिपके येतात, हे कुठे खोटंय? डॉक्टरांना दिसत नसेल अजून."

चार दिवसांनी त्यांनी हातातली सगळी कामं आर्किटेक्टला परत केली. आले ते तसेच खुर्चीत बसून राहिले. आईने पाणी आणलं तर ग्लास कुठे आहे ते चाचपल्यासारखा हात पुढे केला. समोर दिसत असलेला ग्लास.

तेव्हा मी सांगितलं. गेम, पट्ट्या, कार्ड, सगळं. ते ओरडतील, मारतील, असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मी तुला विचारलं होतं," एवढंच ते म्हणाले.

मी त्यांच्या देखत कार्ड काढलं, वायर मदरबोर्डला जोडली, नकाशा उघडून दाखवला. एकही ठिपका नव्हता. त्यांनी मान हलवली, पण खुर्ची पुढे ओढली नाही. आर्किटेक्टने तोवर दुसरा माणूस ठेवला होता. दुसरीकडे विचारा, असं आई सांगत राहिली. त्यांनी विचारलं नाही. पावसाळ्यानंतर ते आचोळ्याला एका इमारतीच्या साइटवर देखरेखीला जाऊ लागले. कॉम्प्युटर माझा झाला.

त्यांची नजर पुढे बरीच वर्षं चांगली राहिली. तरी औषधाच्या पट्टीवरची तारीख वाचायची असली की ते स्वयंपाकघरातून आईला बोलावून घेत. मी समोर बसलेलो असायचो.