धानाचं तोरण आणि सुमनताई

सकाळी डबा भरत होते, तेव्हा दिघोरीहून मोठ्या भाऊजींचा फोन आला. आमच्याकडे भासरा, म्हणजे थोरला दीर, भावसुनेशी सहसा थेट बोलत नाही. काही निरोप असला तर तो सुमनताईंच्या तोंडून यायचा. त्या दिवशी भाऊजी स्वतः बोलले. "सुमन गेली..." एवढंच. चहा ठेवता ठेवता ताई खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

सुमनताई माझी थोरली जाऊ, माझ्या ओवीची मोठीआई. ओवी दोन वर्षांची असताना मला भंडाऱ्याला नोकरी लागली आणि नवरा तुमसरच्या राइस मिलमध्ये. लेकराला सांभाळणार कोण? ताई म्हणाल्या, "माझ्याजवळ राहू दे. दोन्ही पोरं नागपूरले गेली, घर खायले उठते मले." मी पिशवीभर खेळणी दिली, अक्षरांचे ठोकळे, आकड्यांचे पत्ते, शैक्षणिक म्हणून महागडी घेतलेली. पहिल्याच शनिवारी जाऊन पाहते तर पिशवी तशीच खुंटीला आणि माझी मुलगी बोडीच्या, शेतातल्या लहान तळ्याच्या काठावर कोपरापर्यंत चिखलात! मी किंचाळलेच. ताई शांतपणे म्हणाल्या, "कायले ओरडून राहिली व? माती हाय, धुतली का निंघते."

पोळ्यासाठी दोघी मातीचे बैल करत होत्या. ओवीच्या बैलाला पाच पाय होते, ताईंनी एकही काढला नाही. पोळा झाल्यावर ते बैल मला शोकेसमध्ये ठेवायचे होते, पण ताई ऐकतील तर शपथ. "बोडीची माती बोडीले," म्हणत त्यांनी सगळे बैल पाण्यात सोडायला लावले आणि ओवीनं खुशाल टाटा केला. असंच सगळ्याचं. पळसाच्या पानांना काड्या टोचून द्रोण करायचे, त्यात मुरमुरे खायचे आणि द्रोण गाईला. सीताफळाच्या बिया मोजायच्या आणि कुंपणाशी पेरायच्या. डोळे मिटून पान चुरगळायचं नि वासावरून ओळखायचं, लिंबू की कढीलिंब... ओवी वीसपर्यंत मोजायला लागली तेव्हा मी विचारलं, कुणी शिकवलं? ताईंना प्रश्नच कळला नाही.

ओवी भंडाऱ्याच्या शाळेत जायला लागली आणि शाळेनं निसर्गावर चित्र चिकटवून आणायला सांगितलं. मी आपली दुकानातून प्लॅस्टिकच्या पानांचं पाकीट घेऊन आले. नेमक्या त्या दिवशी ताई आलेल्या. पाकीट हातात घेऊन त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "पानं इकत आणली व बाई!" पुढे वर्षभर घरी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हा किस्सा ऐकावा लागला. मला राग यायचा, आणि आज तो किस्सा सांगायला त्या नाहीत याचंच वाईट वाटतं.

या दिवाळीला त्या हलक्या, म्हणजे लवकर निघणाऱ्या धानाची पेंढी घेऊन आल्या. दिवसभर दोघी जमिनीवर बसून लोंब्यांचं तोरण विणत होत्या. आमच्या फ्लॅटच्या दाराला ते लावलं. दुसऱ्या दिवशी चिमण्या हजर, दारात भुसा. मी कुरकुरले, तर म्हणाल्या, "त्याइच्यासाठीच हाय ते. संपलं पायजे." त्यानंतर पंधरवड्यात तो फोन आला.

दिघोरीहून परतले आणि सगळ्यात आधी तोरण उतरवलं. अर्धंअधिक अजून भरलेलं होतं. कापडात गुंडाळून कपाटात ठेवलं. मला भीती वाटत होती, खरंच फार वाटत होती. ओवी पाच वर्षांची. पाचव्या वर्षीचं मला तरी काय आठवतं? फोटोंमध्ये ताईंची मान कायम खाली, हातातल्या कामाकडे. बैल बोडीत गेले, द्रोण गाईनं खाल्ले. ही बाई माझ्या मुलीच्या आयुष्यातून पुसून जाणार, आणि माझ्या हाती एवढं तोरणच उरलं होतं.

"आई, तोरण कुठं हाय?"

"ठेवलंय. मोठीआईची आठवण म्हणून."

"मंग चिमण्या काय खातीन?"

तांदूळ टाकू म्हटलं, नवीन करू म्हटलं. ती दारातून हलेना. शेवटी म्हणाली, "मोठीआईनं चिमण्याइले देलं होतं. तुले नाही देलं."

मी कपाट उघडलं. तोरण पुन्हा दाराला लावलं. रोज येता-जाता मी बघायची आणि रोज ते हलकं होत जायचं. मागच्या रविवारी नुसत्या काड्या उरल्या. त्या उतरवताना मला रडू फुटलं, तिथंच, उंबऱ्यावर. ओवी जवळ आली, माझ्याकडे बघत राहिली आणि तिला वाटलं, मला तोरण करता येत नाही म्हणून मी रडतेय.

"रडू नको न. मी दाखवतो तुले."

काड्या घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. मी विणायला बसणार, तर तिनं माझा हात बाजूला सारला आणि काड्या परातीतल्या पाण्यात बुडवल्या.

"थांब. सुक्या मोडते. मोठीआई आधी भिजवते."