कडी लागलेली होती, तरी ट्रेलर सुटला

ती घटना मी विसरलेलो नाही, कारण त्यातली पहिली चूक माझी होती. ज्या ट्रेलरनं एका व्हॅनरिक्षावाल्याचा पाय मोडला, तो अपघाताच्या वीस मिनिटं आधी मी स्वतः नाक्यावर अडवला होता आणि जाऊ दिला होता.

वडिलांची बँकेतली बदली आम्हाला कोलकात्यात घेऊन आली. आम्ही इथेच राहिलो आणि मी इथल्याच पोलिसांत उपनिरीक्षक झालो. घरात मराठी, ठाण्यात बंगाली. गणवेशात असताना कुणी माझ्याशी मराठी बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

त्या रविवारी सकाळी बजबजच्या रस्त्यावर आमची नाकाबंदी होती. एक मोठी गाडी आली, मागे ट्रेलरवर पांढरी मोटरबोट. ट्रेलरला नंबरप्लेट नव्हती. मी हात केला. चालवणारा चाळिशीचा, सेक्टर फाइव्ह या आयटी भागातल्या कंपनीत अभियंता. त्यानं माझ्या छातीवरची नावपट्टी वाचली.

"अहो साहेब, तुम्ही मराठी? इथे? काय सांगता!"

"ट्रेलरचा नंबर कुठे आहे?"

"कालच घेतला हो. नोंदणीला टाकतोय. बायको-मुलं पुढे नदीवर जाऊन बसलीत. सकाळपासून चार फोन झाले, बोट येतेय की पोहत येताय म्हणून!"

मी हसलो. गणपतीला मंडळात येता का, गाव कुठलं, असं पाच मिनिटं बोललो. मागे जाऊन जोड बघायला हवा होता, दिवे लावून बघायला हवे होते. "सावकाश जा," एवढंच म्हणालो.

वीस मिनिटांनी वायरलेसवर निरोप आला. बाजाराजवळच्या खड्ड्यात ट्रेलर गाडीपासून सुटला आणि रस्त्याच्या कडेला उभ्या व्हॅनरिक्षावर, म्हणजे तीनचाकी सायकलगाडीवर, आदळला. तपास माझ्याकडेच आला. मी नाक्याचं बोललो नाही.

अभियंता म्हणाला, "सकाळी खिदिरपूरच्या मिस्त्रीनं जोडून दिलं. पक्कं आहे म्हणाला." तासाभरात खबऱ्याचा फोन आला, की तो मिस्त्री वर्कशॉपचं शटर ओढून आत बसलाय. शटर ओढलं म्हणजे पळायच्या बेतात, असा अर्थ मी लावला. रविवारी अर्धा दिवस दुकान बंद असतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर मला मिस्त्री दोषी हवाच होता. तो दोषी ठरला, की नाक्याचं कुणी विचारणार नव्हतं.

साठीचा माणूस. त्याला ठाण्यात आणवला आणि दुपारपासून बाकावर बसवून ठेवला. पाणी मागितलं तेव्हा मी म्हणालो, "पहले सच बोलो."

"सच ही बोल रहा हूँ, बाबू. गोला छोटा है. मैंने मना किया था."

"फिर कडी किसने लगाई?"

"मैंने. कडी तो लग जाती है. यही तो मुसीबत है."

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. अपघातस्थळी मी स्वतः बघितलं होतं, ट्रेलरची कडी लागलेलीच होती. कडी लागलेली असताना जोड सुटतो कसा? आरोपी बाजूला राहिला, मला कोडंच पडलं.

गाडी आणि ट्रेलर ठाण्याच्या आवारात आणलेले होते. जोड साधा असतो. गाडीच्या मागे लोखंडी गोळा, ट्रेलरच्या तोंडाला वाटी. वाटी गोळ्यावर बसवायची आणि कडी लावायची. आम्ही बसवली. कडी खट्कन लागली. मग मी तीन शिपायांना वाटीचं टोक वर उचलायला सांगितलं. कडी लागलेलीच राहिली आणि वाटी गोळ्यावरून अलगद निघाली.

"सार, ए तो जादू!" एक शिपाई म्हणाला.

जादू नव्हती. वाटीवर पन्नास मिलिमीटर कोरलेलं होतं. गोळा मोजला, तर दोन-अडीच मिलिमीटरनं कमी. सपाट रस्त्यावर काही कळत नाही, खड्ड्यात उडी बसली की सुटतो. गोळ्याखालच्या नटावर जुना गंज होता, म्हणजे तो त्या सकाळी बसवलेला नव्हता. अभियंत्यानं कबूल केलं, गोळा त्यानंच कधीतरी ऑनलाइन मागवून बसवून घेतला होता. जोड सुटला तरी ट्रेलर गाडीला धरून ठेवणाऱ्या सुरक्षा साखळ्या बोटीत पडल्या होत्या, प्लास्टिकचं वेष्टनही न फोडता. ट्रेलर हे कायद्यानं वाहनच आहे. त्याला स्वतःची नोंदणी लागते, मागे चालते दिवे लागतात, आणि तो रस्त्यावर आणणारा त्याला जबाबदार असतो. यातलं काहीच झालेलं नव्हतं.

जबाब संपल्यावर अभियंता हळूच मराठीत म्हणाला, "साहेब, नाक्याचं मी काही बोललो नाहीये हं. आपलं आपल्यात."

मी जबाबाचे कागद उचलले आणि उठलो.

मी मिस्त्रीकडे गेलो. "छोटा था तो जाने क्यों दिया?"

"बड़ा गोला सोमवार को मिलता, बाबू. साहब रुके नहीं. बोले, तुम कडी लगाओ, बाकी मैं देख लूँगा. मैंने सोचा, आगे नाका है. बिना नंबर का ट्रेलर पुलिस तो रोकेगी ही."

संध्याकाळी मी त्याला सोडलं. माफी मागितली नाही. मग बडोबाबूंच्या, म्हणजे ठाणेप्रमुखांच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि नाक्यावर काय झालं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "लिहून द्या," म्हणाले. तपास दुसऱ्याकडे गेला, माझी खातेनिहाय चौकशी झाली, ताकीद मिळाली. व्हॅनरिक्षावाल्याला मी इस्पितळात भेटलो आणि त्याच्यापुढे सगळं कबूल केलं. तो भिंतीकडे वळून पडून राहिला. त्याचा तो हक्क होता.

मी पुढे नव्या शिपायांना नाकाबंदी शिकवली. माणसाशी बोलण्याआधी गाडीच्या मागे जा, असं सांगायचो. का, ते मात्र सांगत नसे. ओळखीची भाषा कानावर पडली की आपले डोळे किती सहज मिटतात, हे मला माझ्या चुकीनं शिकवलं, आणि ते मोठ्यानं म्हणायला मला फार वर्षं लागली.

पन्नाशीत स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यानंतरच्या आठवड्यात खिदिरपूरला गेलो. सत्तरीतही मिस्त्री वेल्डिंग करत होता. साध्या कपड्यांत त्यानं मला ओळखलं नाही.

"बोलिए, क्या बनवाना है?"

"कुछ नहीं. बोटवाला ट्रेलर याद है? नाके पर मैं ही था. मैंने जाने दिया. फिर अपनी गलती छुपाने के लिए दिन भर आपको बिठाए रखा, पानी तक नहीं दिया. माफी माँगने आया हूँ, चाचा."