डबल स्टँड

ओल्या विटेचा वास आला की मला गुडगावमधलं आमचं पहिलं काचेचं ऑफिस आठवतं. तिथे काम सुरू होऊन चार महिने झाल्यावर उद्घाटन ठरलं; परदेशी पाहुणे येणार होते, म्हणून सगळ्या मोटारसायकली डबल स्टँडवर, एका ओळीत हव्या होत्या. त्यासाठी एका पायावर उभं राहून दुसऱ्याने स्टँड दाबावा लागतो. पोलिओनंतर माझ्याकडे भरवशाचा पाय एकच उरला होता. सगळे फीत कापायला आत गेल्यावर, कुणी पाहत नाही अशा बेताने मी सुरुवात केली. दोनदा माझी गाडी अंगावर कलली. मग शेजारच्या बांधकामावरची ओली वीट आणून मागचं चाक तिच्यावर चढवलं, सीटवर छाती टेकून त्या एकाच पायाने स्टँड दाबला, आणि गाडी उभी राहिली. आत टाळ्या वाजल्या. त्या फितीसाठी होत्या. एवढ्यात गेटवरचा चौकीदार धावत आला. "अरे साहब, आवाज़ दे देते! मैं किसलिए हूँ?" आपल्याकडे हाक मारायची तर नावाने मारतात, आणि चार महिने रोज त्याचा सलाम घेऊनही मी त्याचं नाव विचारलं नव्हतं. आजही ते मला माहीत नाही.